रसेलचे ब्लॉक मोजले कोणी?

एप्रिल २०२२मध्ये एका अमेरिकन क्रीडावाहिनीवर जेजे रेडिक हा नुकताच निवृत्त झालेला खेळाडू बोलून गेला, की बोस्टन सेल्टिक्सच्या बॉब कूझीला त्याच्या काळात अडवायला होतं कोण, तर प्लंबर आणि बंबवाले. कूझी तेव्हा त्र्याण्णव वर्षांचा होता. त्यानं उत्तर दिलं, आपण कुणाकुणाशी खेळलो त्यांची नावं घेतली. पण टोमणा जगभर फिरतो आणि उत्तर जागच्या जागी राहतं. बोस्टनपासून नागपाड्याच्या मैदानापर्यंत जिथे म्हणून ‘आजवरचा सर्वांत मोठा बास्केटबॉलपटू कोण’ हा वाद पेटतो, तिथे हे प्लंबर आता हटकून येतात. मला या वाक्याची चीड आहे. ते खोटं आहे म्हणून आहेच, पण त्याहून ते कृतघ्न आहे म्हणून जास्त आहे.

पन्नास-साठच्या दशकात एनबीएचे खेळाडू उन्हाळ्यात दुसरी कामं करायचे हे खरं. का करायचे? संघमालक जे वेतन देत त्यात वर्षभर घर चालत नव्हतं म्हणून. ही परिस्थिती बदलायला पहिला उभा राहिला तो हाच कूझी. १९५४मध्ये त्यानं खेळाडूंची संघटना बांधायला घेतली. १४ जानेवारी १९६४ला बोस्टनमध्ये ऑल-स्टार सामना होता. तो पहिल्यांदाच रात्रीच्या मोक्याच्या वेळी टीव्हीवर दिसणार होता, प्रेक्षक येऊन बसले होते, आणि आत खोलीत बिल रसेल, विल्ट चेंबरलेन, एल्जिन बेलर, जेरी वेस्ट, ऑस्कर रॉबर्टसन दार लावून बसले. निवृत्तिवेतनाचा शब्द मिळाल्याशिवाय मैदानात उतरणार नाही, असं त्यांनी सांगितलं. मालकांनी धमक्या दिल्या, तरी कुणी हललं नाही. शब्द मिळाला, मग सामना सुरू झाला. ज्या कमाईच्या जोरावर आजचा खेळाडू बाराही महिने फक्त खेळ करू शकतो, तिची पायाभरणी अशी झाली. आणि त्या कमाईवर मोठा झालेला माणूस पायाभरणी करणाऱ्यांना प्लंबर म्हणून हिणवतो. प्लंबरचं काम हलकं आहे असं समजणाऱ्याशी मला वेगळं भांडायचं आहे, ते पुन्हा कधीतरी.

या वादातला सगळ्यांत लाडका युक्तिवाद असा: रसेलला उचलून आजच्या कोर्टावर आणून ठेवा, बघा कसा उघडा पडतो. हे काळाचं यंत्र नेहमी एकाच दिशेनं धावतं. जुन्याला आज आणायचं, पण आणताना त्याला आजचा आहारतज्ज्ञ द्यायचा नाही, आजचे बूट द्यायचे नाहीत, गुडघ्याची शस्त्रक्रिया द्यायची नाही, लहानपणापासूनचं शिक्षण द्यायचं नाही. त्याला कापडी बुटांसकट, काळ्या-पांढऱ्या चित्रफितीसकट आणायचं आणि म्हणायचं, हरला. उलट फेरी कुणी मारत नाही. मी मारतो.

एल्जिन बेलर घ्या. १८ जानेवारी १९६०च्या रात्री त्याचा लेकर्स संघ सेंट लुईसहून मिनिअ‍ॅपोलिसला निघाला होता. विमान जुनं डीसी-३. वाटेत त्याची वीज गेली. बाहेर बर्फाचं वादळ, काचेवर बर्फ चढलेला, खाली काही दिसेना. वैमानिकांनी शेवटी आयोवातल्या कॅरल गावाजवळ मक्याच्या शेतात, बर्फात विमान उतरवलं. सगळे वाचले आणि संघ पुढच्या सामन्यांना लागला. दोन वर्षांनी, १९६१-६२च्या मोसमात, हाच बेलर राखीव दलाच्या लष्करी सेवेवर वॉशिंग्टन राज्यातल्या फोर्ट लुईस तळावर होता. शनिवार-रविवारची रजा मिळाली की प्रवाशांच्या विमानात बसायचं, संघ असेल त्या शहरात पोहोचायचं, खेळायचं आणि परत फिरायचं. संघाबरोबर सराव जवळपास नाहीच. असे ४८ सामने तो खेळला आणि सरासरी ३८.३ गुण केले. त्याच वसंतात अंतिम फेरीच्या पाचव्या सामन्यात, बोस्टनमध्ये, बिल रसेलसमोर त्यानं ६१ गुण काढले. अंतिम फेरीच्या एका सामन्यातला हा विक्रम आजही उभा आहे. स्वतंत्र विमानानं फिरणाऱ्या, सामन्यांमध्ये विश्रांती आखून घेणाऱ्या आजच्या पिढीला त्या वेळापत्रकात घाला आणि मग मला सांगा, कोण उघडा पडतो.

आणि हे झालं फक्त प्रवासाचं. ऑक्टोबर १९६१मध्ये केंटकीतल्या लेक्सिंग्टनला बोस्टन सेल्टिक्सचा प्रदर्शनी सामना होता. हॉटेलच्या कॉफी शॉपमध्ये सॅम जोन्स आणि सॅच सँडर्स यांना काळे म्हणून खाणं नाकारलं. रसेल आणि संघातले काळे खेळाडू सामना न खेळता विमान पकडून घरी गेले. तो ज्या शहरासाठी विजेतेपदं जिंकत होता, त्याच बोस्टनजवळच्या रेडिंग गावात त्याचं घर फोडलं गेलं, भिंतींवर वर्णद्वेषी शिव्या लिहिल्या गेल्या, बिछान्यात घाण केली गेली. हे सगळं डोक्यात घेऊन तो माणूस दुसऱ्या संध्याकाळी कोर्टावर उतरत होता. याचा रकाना कुठल्या आकडेवारीत आहे?

शरीराचं म्हणाल तर तेही सांगतो. १९५६मध्ये रसेल उंच उडीत जगातल्या पहिल्या दहांत गणला जात होता. त्यानं ६ फूट ९ इंचांहून जास्त उंची पार केली होती, तीही पाठीवरून उडण्याचं डिक फॉसबरीचं तंत्र १९६८च्या ऑलिम्पिकनं जगाला दाखवण्याच्या कितीतरी आधी. या माणसाला आजच्या मैदानावर उडता आलं नसतं असं म्हणणाऱ्यानं उचलली जीभ लावली टाळ्याला, एवढंच केलं.

आता आकड्यांकडे येतो, कारण दुसरी टोळी तिथे दबा धरून बसलेली आहे. जुन्यांचे भक्त. त्यांनाही मी सोडणार नाही. विल्ट चेंबरलेननं १९६१-६२मध्ये सामन्यामागे ५०.४ गुण आणि २५.७ रिबाउंड काढले, २ मार्च १९६२ला हर्शी गावात न्यूयॉर्कविरुद्ध एका सामन्यात १०० गुण केले, हे ते मंत्रासारखं म्हणतात आणि वाद संपला असं समजतात. त्या मोसमात लीगमधला एकेक संघ सामन्यामागे सरासरी ११८.८ गुण करत होता. २००३-०४मध्ये हीच सरासरी ९३.४वर आली होती. १९६२मध्ये सगळे पळत सुटायचे, फेकायचे, चुकवायचे आणि चुकलेले चेंडू बोर्डावरून परत यायचे. संघामागे ७१च्या वर रिबाउंड पडायचे. आज ते चव्वेचाळीसच्या आसपास पडतात. मुळात उचलायला चेंडूच जास्त होते. १९६२चा रुपया आणि आजचा रुपया एका ताटात ठेवून मोजणारा माणूस वाण्याच्या दुकानातही फसतो, मग इथे तो पंडित कसा ठरतो? चेंबरलेन अफाट होता. पण त्याचं अफाटपण ५०.४ या आकड्यात शोधू नका. ते त्याच मोसमातल्या दुसऱ्या आकड्यात आहे: तो सामन्यामागे सरासरी ४८.५ मिनिटं खेळला. सामनाच ४८ मिनिटांचा असतो. जादा वेळेमुळे सरासरी त्याच्याही वर गेली. म्हणजे तो जवळजवळ बसलाच नाही.

नियमांचं काय? मुळात या खेळाचे नियम मोठ्या माणसांना आवरण्यासाठी पुन्हा पुन्हा बदलले गेले. बास्केटसमोर जो रंगवलेला पट्टा असतो, ज्यात हल्ला करणाऱ्याला तीन सेकंदांपेक्षा जास्त थांबता येत नाही, तो पूर्वी सहा फूट रुंद होता. जॉर्ज मायकनला आवरता येईना म्हणून १९५१मध्ये बारा फूट केला. चेंबरलेन आला आणि १९६४मध्ये सोळा केला. ल्यू अल्सिंडर, म्हणजे पुढचा करीम अब्दुल-जब्बार, १९६७मध्ये कॉलेजचं विजेतेपद घेऊन गेला आणि कॉलेज संघटनेनं डंकवरच बंदी घातली. ती १९७६पर्यंत टिकली. तीन गुणांची रेषा एनबीएत १९७९-८०मध्ये आली. त्या मोसमात संघ सामन्यामागे जेमतेम तीन प्रयत्न तिथून करत होता. आज पस्तिसाच्या वर करतो. लॅरी बर्डनं आख्ख्या कारकिर्दीत ६४९ थ्री मारले. स्टेफ करीनं २०१५-१६च्या एका मोसमात ४०२. करी बर्डपेक्षा मोठा नेमबाज आहे, हे माझंही मत आहे, पण या दोन आकड्यांनी ते सिद्ध होत नाही. ते सिद्ध होतं ते करीनं अर्धं कोर्ट ओलांडलं की दोन बचावपटू घाबरून पुढे धावतात त्यातून, आणि आज शाळेतलं पोरगंही तिथूनच फेकून बघतं त्यातून.

कूझीच्या ड्रिबलला हसणाऱ्यांनी एक गोष्ट नीट पाहावी. जुन्या चित्रफितीत त्याचा तळवा कायम चेंडूच्या वर दिसतो. हात जरा चेंडूच्या बाजूनं खाली सरकला की पंच शिट्टी मारत. आजचे गार्ड चेंडू तळहातावर घेऊन क्षणभर थांबवतात, दिशा बदलतात, समोरच्याला जमिनीवर पाडतात आणि आपण वाहवा करतो. त्या काळच्या पंचानं यातल्या निम्म्या वेळी चेंडू काढून घेऊन दुसऱ्या संघाला दिला असता. कूझी बेडौल दिसतो, कारण तो नियम पाळतो आहे.

तिसरी टोळी सर्वांत मोठी आणि सर्वांत कर्कश. नव्वदच्या दशकाची. यांचं म्हणणं, आजचे खेळाडू लोण्याचे, मायकेल जॉर्डनला डेट्रॉइट पिस्टन्सनी कसं बडवलं ते पाहा. बडवलं, यात शंका नाही. कमरेवर हात ठेवून खेळाडूला वळवायची तेव्हा मुभा होती. २००४-०५पासून पंचांनी ती जवळपास बंद केली, गार्ड मोकळे सुटले. पण याच लोकांच्या तोंडून दुसरी अर्धी गोष्ट कधी बाहेर पडत नाही. जॉर्डनच्या काळात एनबीएत झोन बचाव बेकायदा होता. चेंडूपासून लांब असलेल्या बचावपटूला आपल्या माणसाला चिकटून राहावं लागे, मधे येऊन वाट अडवून उभं राहता येत नसे. त्यामुळे कोर्टाची एक बाजू मोकळी करून जॉर्डनला एकास एक खेळू देता यायचं. २००१-०२मध्ये ती बंदी उठली. लेब्रॉन जेम्सची सगळी कारकीर्द भरलेल्या वाटेवर झाली. एका काळात हात कडक होता, दुसऱ्यात गर्दी जास्त होती. हे दोन्ही ठाऊक असून एकच सांगणारा माणूस खेळाबद्दल बोलत नसतो, आपल्या तरुणपणाची वकिली करत असतो.

आपल्याकडे तर हे फारच ढळढळीत दिसतं. केबल नव्वदच्या दशकात घरोघर आली आणि तिच्याबरोबर जॉर्डन आला. त्यामुळे पन्नाशीकडे झुकलेल्या आपल्या चाहत्याला जॉर्डनच्या आधीचं जग अंधारं वाटतं. २०२०च्या टाळेबंदीत जॉर्डनवरचा दहा भागांचा माहितीपट आला. तो जॉर्डनच्या संमतीनं बनलेला आहे, एवढंही लक्षात न घेता लोकांनी त्याचा प्रमाणग्रंथासारखा वापर सुरू केला. त्यांची पोरं पहाटे मोबाइलवर थेट सामने बघतात, त्यांच्या लेखी खेळ करीपासून सुरू होतो. ऑक्टोबर २०१९मध्ये वरळीच्या एनएससीआय डोममध्ये पेसर्स आणि किंग्ज यांचे दोन सामने झाले, एनबीएचे भारतातले पहिलेच. ते बघून भारावलेल्या पिढीला नागपाड्याच्या अब्बास मुंतासीर यांचं नाव विचारा. भारताचे कर्णधार, १९७०चे अर्जुन पुरस्कार विजेते, याच मुंबईचे. मी ज्यांना ज्यांना विचारलं त्यांपैकी बहुतेकांनी खांदे उडवले. डोळ्यांसमोर चित्रफीत नाही म्हणजे माणूस नाही, असा हा हिशोब आहे, आणि त्याच हिशोबानं आपण रसेल, बेलर, रॉबर्टसन यांचा निकाल लावतो.

विजेतेपदाच्या अंगठ्यांचा हिशोब तर याहून बनेल. जॉर्डनच्या सहा, लेब्रॉनच्या चार, म्हणून जॉर्डन मोठा, असं म्हणणाऱ्याला रसेलच्या अकरा दाखवा. तो लगेच म्हणतो, छे, तेव्हा संघच आठ-नऊ होते. म्हणजे अंगठ्या मोजायच्या त्या फक्त सहा येईपर्यंत. आठ संघ होते याचा अर्थही यांनी उलटा घेतला आहे. आठ संघ म्हणजे देशातले मोजके शंभरेक खेळाडू, दुबळा संघ सापडणं अवघड, आणि तीच तीच माणसं पुन्हा पुन्हा समोर. रसेल आणि चेंबरलेन एकमेकांसमोर १४०हून अधिक वेळा उभे ठाकले. आज पूर्वेचा आणि पश्चिमेचा मोठा सेंटर वर्षातून दोनदा भेटतात.

दुसरा बनेलपणा अंतिम फेरीचा. जॉर्डन सहापैकी सहा, लेब्रॉन दहापैकी चार, म्हणून लेब्रॉन कच्चा. जॉर्डन १९८५, ८६ आणि ८७ अशी सलग तीन वर्षं पहिल्याच फेरीत बाहेर पडला. एप्रिल १९८६मध्ये त्यानं बोस्टनमध्ये ६३ गुण केले आणि संघ तरी हरला. मालिका ३-०. त्या पराभवाचा डाग त्याच्यावर नाही, आणि नसावाच. मग २०१५मध्ये दोन मोठे सहकारी जायबंदी असताना अंतिम फेरीत सरासरी ३५.८ गुण, १३.३ रिबाउंड आणि ८.८ असिस्ट देऊन हरलेल्या लेब्रॉनवर तो का? पहिल्या फेरीत हरणं अंतिम फेरीत हरण्यापेक्षा मोठं, असा नियम जगातल्या कुठल्या खेळात आहे? या न्यायानं जेरी वेस्ट नऊ अंतिम फेऱ्या खेळून आठ हरला म्हणजे तो टाकाऊ ठरतो. एनबीएच्या बोधचिन्हावर त्याचीच आकृती आहे.

वेस्टचं नाव आलं, तर ५ मे १९६९चा सामना सांगायलाच हवा, कारण माझं सगळं म्हणणं त्या एका संध्याकाळवर उभं आहे. लॉस एंजेलिसमध्ये अंतिम मालिकेचा सातवा सामना. लेकर्सकडे वेस्ट, बेलर आणि आता चेंबरलेनही. मालकानं विजयोत्सवासाठी छताला फुग्यांच्या जाळ्या टांगून ठेवलेल्या. समोर म्हातारा झालेला बोस्टनचा संघ, नियमित मोसमात पूर्वेत चौथा आलेला. त्याचा प्रशिक्षक बिल रसेल, आणि सेंटरही बिल रसेल, वय पस्तीस, कारकिर्दीतला शेवटचा सामना. वेस्टनं दुखऱ्या पायानं ४२ गुण, १३ रिबाउंड, १२ असिस्ट केले. चेंबरलेन गुडघा दुखावून बाहेर गेला आणि नंतर परत यायला तयार असताना प्रशिक्षकानं त्याला बसवून ठेवलं. शेवटी डॉन नेल्सननं फेकलेला चेंडू बास्केटच्या मागच्या कडेवर आदळून उंच उडाला आणि सरळ आत पडला. बोस्टन १०८, लेकर्स १०६. फुगे वरच राहिले.

रसेलच्या नावापुढे त्या दिवशी गुण किती? सहा. रिबाउंड एकवीस. मिनिटं अठ्ठेचाळीस, म्हणजे पूर्ण सामना. अंतिम मालिकेतल्या सर्वोत्तम खेळाडूचा मान त्याच वर्षी सुरू झाला आणि तो हरलेल्या वेस्टला मिळाला. आज तो मान ज्या चषकानं दिला जातो त्याला २००९पासून रसेलचं नाव आहे. रसेलला स्वतःला तो कधीच मिळाला नाही, कारण त्याची पहिली दहा विजेतेपदं होऊन जाईपर्यंत तो अस्तित्वातच नव्हता.

याच्यापुढची गोष्ट मला सर्वांत जास्त खुपते. एनबीएनं ब्लॉक मोजायला सुरुवात केली १९७३-७४मध्ये. रसेल निवृत्त झाला १९६९मध्ये. ज्या माणसानं ब्लॉक ही गोष्ट दांडगाईतून उचलून डावपेचात आणली, त्याच्या नावावर अधिकृत ब्लॉक शून्य. आणि तो ब्लॉक कसला होता ते चित्रफितींत दिसतं. इतर मोठे सेंटर चेंडू प्रेक्षकांत भिरकावून देतात, गर्दी ओरडते, पण चेंडू पुन्हा हल्ला करणाऱ्यालाच मिळतो. रसेल बोटांनी चेंडूचा वेग मारायचा, त्याला वर किंवा आपल्याच माणसाकडे वळवायचा, आणि तिथून बोस्टनची धाव सुरू व्हायची. एका हालचालीत समोरच्याचे दोन गुण गेले आणि आपले दोन आले. हकीम ओलाजुवानच्या नावावर ३,८३० ब्लॉक आहेत आणि त्याला सर्वकालीन विक्रम म्हणतात. ओलाजुवान थोरच, पण सर्वकालीन हा शब्द तिथे धडधडीत खोटा आहे. काळ १९७३मध्ये सुरू झाला नाही. याद्या बनवणारे मात्र संगणकात आकडे घालतात, रसेलच्या रकान्यात रिकामी जागा येते, आणि संगणक त्याला सातवा-आठवा ठरवतो. मोजलं नाही ते घडलंच नाही, असं मानणारं हे शास्त्र माझ्या लेखी अडाणीपणा आहे.

आणि रिकाम्या जागा फक्त त्याच्याच नाहीत. मायकनची विजेतेपदं मोजताना १९५०पर्यंत या लीगमध्ये एकाही काळ्या माणसाला खेळू दिलं नव्हतं, हे कुणी मोजत नाही. त्याच मायकनच्या लेकर्सना हार्लेम ग्लोबट्रॉटर्सनी १९४८ आणि १९४९ अशी दोनदा हरवलेलं असतानाही नाही. अर्विदास साबोनिसला पोर्टलंडनं १९८६मध्ये निवडलं आणि तो पोहोचला १९९५मध्ये, तिशी गाठून, टाचेच्या शिरा तुटून झाल्यावर. बायकांना तर या वादात बसायलाही जागा नाही. चेरिल मिलरचे गुडघे गेले तेव्हा अमेरिकेत बायकांची डब्ल्यूएनबीए जन्मायला दशक बाकी होतं. लिनेट वुडर्डनं १९७७ ते १९८१मध्ये कॅन्ससकडून ३,६४९ गुण केले, तेही पुरुषांच्या मोठ्या चेंडूनं. पण तेव्हा बायकांचे सामने कॉलेज संघटना भरवत नव्हती, म्हणून संघटनेच्या विक्रमांच्या पुस्तकात वुडर्ड नव्हतीच. २०२४मध्ये केटलिन क्लार्क तिच्या पुढे गेली तेव्हा कुठे लोकांना वुडर्ड कोण हे कळलं. ज्या संघटनेनं बायकांकडे पाठ फिरवली होती, तिनं पाठ फिरवलेल्या वर्षांतले विक्रमही नाकारायचे, हा शुद्ध निर्लज्जपणा आहे.

ऑस्कर रॉबर्टसनचा १९६१-६२चा मोसम आज सगळ्यांना पाठ आहे: ३०.८ गुण, १२.५ रिबाउंड, ११.४ असिस्ट, तिन्ही सरासरी दोन आकडी, म्हणजे ट्रिपल-डबल. पाठ आहे कारण २०१७मध्ये रसेल वेस्टब्रुकनं तसा मोसम पुन्हा केला आणि वाहिन्यांना जुना आकडा शोधावा लागला. त्याच रॉबर्टसननं खेळाडूंच्या संघटनेचा अध्यक्ष म्हणून १९७०मध्ये लीगवर खटला भरला. करार संपला तरी खेळाडू जन्मभर एकाच मालकाला बांधलेला राहायचा, ती साखळी त्याला तोडायची होती. १९७६मध्ये तडजोड झाली आणि साखळी तुटली. जुलै २०१०मध्ये लेब्रॉन टीव्हीवर बसून मायामीला जातो असं सांगू शकला, तिथे दोन विजेतेपदं घेऊ शकला, मग क्लीव्हलंडला परतून तिसरं आणि लॉस एंजेलिसला जाऊन चौथं घेऊ शकला, ते या खटल्यामुळे. आणि लेब्रॉनचे भक्त त्याच्या चार अंगठ्या दाखवून रॉबर्टसनला विचारतात, तुझी तर एकच! हा माणूस दहा वर्षं सिनसिनाटीत अडकून पडला होता. बाहेर पडून मिलवॉकीला गेला, आणि पहिल्याच वर्षी, १९७१मध्ये, विजेता झाला.

मग तुलना करायचीच नाही का? करायची. पण वडाची साल पिंपळाला लावून नव्हे. मी दोनच गोष्टी पाहतो. माणूस आपल्या काळातल्या माणसांपेक्षा किती वर होता, आणि तो येऊन गेल्यावर खेळाला काय बदलावं लागलं. या मापानं जॉर्डनचं १९८८ हे वर्ष डोळे दिपवतं. सर्वाधिक गुण, सर्वोत्तम खेळाडू आणि सर्वोत्तम बचावपटू, तिन्ही एकाच मोसमात एकाच माणसाकडे. या मापानं लेब्रॉनच्या सलग आठ अंतिम फेऱ्या अवाक करतात, आणि करी तर थेट पहिल्या पंगतीत येऊन बसतो.

आणि या मापानं पहिला येतो रसेल. तो येण्याआधी बोस्टनकडे एकही विजेतेपद नव्हतं. तो असताना तेरा वर्षांत अकरा. जी दोन गेली त्यातल्या १९५८मध्ये त्याचा घोटा मुरगळला होता. कूझी १९६३मध्ये निवृत्त झाला, संघ जिंकतच राहिला. रसेल गेला आणि पुढच्याच मोसमात बोस्टनला प्लेऑफही गाठता आली नाही. निर्णायक सातवे सामने तो दहा खेळला आणि दहाही जिंकला. शेवटच्या तीन वर्षांत एनबीएचा पहिला काळा मुख्य प्रशिक्षक म्हणून संघही त्यानंच चालवला.

यावर ‘पण त्याचे गुण किती’ असं विचारणारा कुणी ना कुणी उठतोच. त्याच्यासाठी पुन्हा १९६१-६२कडे जातो. चेंबरलेनचा ५०.४चा मोसम, रॉबर्टसनचा ट्रिपल-डबलचा मोसम, बेलरचा ३८.३चा मोसम, सगळे एकाच वर्षी. रसेलची सरासरी १८.९. त्या वर्षी पत्रकारांनी सर्वोत्तम संघ निवडला तेव्हा सेंटर म्हणून चेंबरलेनला घेतलं आणि रसेलला दुसऱ्या संघात टाकलं. पण वर्षातला सर्वोत्तम खेळाडू तेव्हा पत्रकार ठरवत नसत. खेळाडू स्वतः मत द्यायचे. ज्यांनी चेंबरलेनचे पन्नास-पन्नास गुण स्वतःच्या अंगावर झेलले होते, ज्यांना रॉबर्टसन रात्रभर पळवत होता, ज्यांना रसेलची बोटं चेंडूपर्यंत कशी पोहोचतात हे दर आठवड्याला कळत होतं, त्या माणसांनी चिठ्ठीवर नाव लिहिलं बिल रसेल. आणि मोसमाच्या शेवटी, १८ एप्रिलला, सातव्या सामन्यात, जादा वेळेत, त्यानं ३० गुण आणि ४० रिबाउंड काढून लेकर्सना हरवलं. त्या मतपेटीपुढे आजच्या कुठल्याही यादीकडे कोणता वरचढ पुरावा आहे, तो मला कुणीतरी दाखवावा.